मुक्कामी गाडीचे मास्तर गेले

डबलबेल (धागाकर्ता)

ज्यांनी मला तिकीट फाडायला शिकवलं ते मास्तर परवा पहाटे गेले. वय ६१. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठलेच नाहीत. काल माती झाली. डेपोतली जी माणसं ड्युटीवर नव्हती ती सगळी आली होती. जी ड्युटीवर होती ती दर स्टँडवर उतरून फोन करत होती, "उचललं का? किती वेळ आहे?"

एसटीत कंडक्टरला सगळेच मास्तर म्हणतात. पण आमच्या डेपोत नुसतं 'मास्तर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. नाव घ्यायची गरज तेव्हा पडली नाही, म्हणून इथंही घेत नाही.

मी २००६ ला लागलो. पहिले आठ दिवस त्यांच्या हाताखाली लातूर–औसा–लामजना पाटी या रस्त्यावर काढले. तेव्हा मशीन नव्हती. पत्र्याचा ट्रे, त्यात किमतीप्रमाणे तिकिटांचे गठ्ठे आणि हातात पंच. पहिल्याच फेरीत मी दारातच लोकांना अडवून पैसे मागायला लागलो. मास्तर मागून म्हणाले, "आधी बसू दे. उभ्या माणसाच्या हातातनं सुट्टे पडतेत." मग त्यांनी एका म्हातारीची पिशवी सीटखाली सरकवली, तिला टेकू दिलं आणि मग विचारलं, "कुठं जायचं, माय?"

एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल, हे कुणीही शिकवेल. मास्तर डबल बेल द्यायच्या आधी दारातून डोकं बाहेर काढून मागचा रस्ता बघायचे. प्रत्येक थांब्यावर. पाऊस असो, धूळ असो. लांब बांधावरून कुणी हात करत पळत येताना दिसलं, तर दोरीवरचा हात तसाच राहायचा. ड्रायव्हर कधी वैतागायचे, गाडीतली माणसंही "चला की ओ" करायची. मास्तर काही बोलायचे नाहीत. तो माणूस धापा टाकत वर चढला की मगच दोन बेल.

बाकी मी काय लिहू. त्यांच्या मुली हा धागा वाचणार आहेत. त्या गाडीनं ज्यांनी प्रवास केला, त्यांनी आठवेल ते लिहा. लहान-मोठं काहीही चालेल.

---

येळवस

बातमी वाचून पोटात कालवलं. आमचं गाव त्या मुक्कामी गाडीचं शेवटचं गाव. सव्वासहाला लातूरहून सुटायची, साडेआठच्या पुढं गावात. मारुतीच्या पाराजवळ उभी राहायची आणि सकाळी सहाला परत. ड्रायव्हर आणि मास्तर गाडीतच सीटवर अंथरून झोपायचे. गावात आमच्याकडं घड्याळ कमी आणि गाडीचा भरवसा जास्त अशी परिस्थिती होती. "गाडी आली का?" म्हणजे जेवायची वेळ झाली का.

औषधाच्या चिठ्ठ्या सकाळी मास्तरांकडं द्यायच्या. दुसऱ्या मुक्कामाला औषध, बिल आणि उरलेले पैसे, तिन्ही हातात. माझ्या वडिलांच्या दम्याच्या गोळ्या अशा कितीतरी वर्षं आल्या.

वेळ अमावस्येचं सांगतो. बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवसला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करून पूजा, आंबिलीचं मडकं, भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची खीर. शहरात दुकानं उघडी दिसत नाहीत. त्या दिवशी ड्युटी कुणालाच नको असते. मास्तर मात्र आदल्या रात्रीचा मुक्काम स्वतः मागून घ्यायचे, का तर डेपोत ज्यांची स्वतःची शेती होती त्यांना सुट्टी मिळावी. मास्तरांना शेती नव्हती.

एका वर्षी माझ्या आईच्या हे ध्यानात आलं. तिनं पहाटे चारला उठून भज्जी शिजवली आणि गाडी सुटायच्या आत डबा भरून पारावर गेली. तेव्हापासून दर येळवसला पहाटे कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा जायचा. नंतर नंतर तर इतके डबे व्हायला लागले की मास्तर ते डेपोत नेऊन वाटायचे.

---

इंडिकेटर

मी वर्कशॉपला होतो. ड्रायव्हर लोक गाडीचा दोष लिहून देतात: ब्रेक, क्लच, हेडलाइट. मास्तर स्वतः येऊन सांगायचे, "सतरा नंबरच्या सीटखाली खिळा वर आलाय, बायांची लुगडी फाटतेत." आणि मी तो ठोकेपर्यंत तिथंच उभे राहायचे. असा कंडक्टर मी दुसरा बघितला नाही. भावपूर्ण श्रद्धांजली.

---

पासवाली

मी आता पुण्यात नर्स आहे. आठवी ते दहावी त्याच गाडीनं गेले. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं योजना आहे ती. पास नसता तर आमच्या गावातल्या निम्म्या मुलींची शाळा सातवीलाच संपली असती, आणि पास असूनही मास्तर नसते तरी काहींची संपली असती. घरच्यांचा भरवसा गाडीवर नव्हता, त्यांच्यावर होता. माझे आजोबा सरळ म्हणायचे, "मास्तर हाय तर जाऊ दे."

मार्च २००४, दहावीचा भूमितीचा पेपर. औशाच्या अलीकडं गाडी बंद पडली. आम्ही सहाजणी. रडायलाच लागलो. मास्तरांनी मागून येणारा दुधाचा टेम्पो थांबवला. टेम्पोवाल्याचं नाव, गाव विचारलं, टेम्पोचा नंबर पेनानं स्वतःच्या तळहातावर लिहिला, त्याच्या समोरच. मग आम्हाला कॅनच्या मध्ये बसवलं. पैशाची बॅग आणि बाकीचे प्रवासी सोडून त्यांना आमच्याबरोबर येता येत नव्हतं.

आम्ही वेळेवर पोचलो. पेपर सुटल्यावर शिपाईकाका म्हणाले, "सकाळी तुमच्या गाडीच्या मास्तरांचा एसटीडीवरून फोन आलता. सहाच्या सहा पोरी आल्या का म्हणून विचारायला. वर्गात जाऊन मोजून या म्हणले."

तो तळहात मला अजून दिसतो. निळी शाई घामानं थोडी पसरली होती.

---

बार्शी_नाका

मी त्या गाडीचा प्रवासी नाही, पण एक शंका आहे. वर औषधाच्या पैशांचं लिहिलंय. कंडक्टरकडं हिशोबापेक्षा जास्त पैसे सापडले तर केस होते ना?

---

डबलबेल

होते. लाइन चेकिंगला गाडी थांबली की बॅगेतली रक्कम आणि फाडलेली तिकिटं जुळावी लागतात. कमी निघाली तरी अडचण, जास्त निघाली तरी. म्हणून स्वतःजवळचे पैसे ड्युटीच्या सुरुवातीलाच वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, नोंदवायचे असतात. मास्तर औषधाचे पैसेसुद्धा तिथंच लिहायचे.

सुट्ट्यांचं सांगतो. सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो, 'बाकी ७' वगैरे, आणि उतरताना घ्या म्हणतो. पुष्कळ माणसं विसरून उतरून जातात. ती रक्कम बॅगेत जास्तीची राहते आणि डेपोत भरावी लागते. मास्तर ती भरायचे. मग चार-आठ दिवसांनी तो माणूस परत गाडीत चढला की स्वतःच्या खिशातून त्याला द्यायचे. "त्या दिवशीचे तुमचे सात राहिलते." मी एकदा म्हणालो, मास्तर, पैसे तर सरकारजमा झालेत, तुम्ही का भरताय? तर म्हणाले, "त्यानं सरकारला दिलते का? माझ्या हातात दिलते."

---

येळवस

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. तेव्हा आमच्या गावातल्या एका बोअरला थोडं पाणी होतं आणि लातूरला शिकणाऱ्या पोरांसाठी आयाबाया सकाळच्या गाडीत पाण्याचे कॅन चढवायच्या. मोठ्या सामानाला तिकीट लागतं. मास्तर नियमानं प्रत्येक मोठ्या कॅनचं तिकीट फाडायचे, पैसे मात्र कुणाकडून मागायचे नाहीत. आम्हाला वाटायचं माफ असेल. ते स्वतः भरत होते, हे आम्हाला त्या वर्षीच्या पावसाळ्यात कळलं.

---

स्टेरिंग_६८

नातवाकडून लिहून घेतोय, मला हे टाइप जमत न्हाई. मी ड्रायव्हर होतो. मास्तर माझ्यापेक्षा सात वर्षांनी ल्हान. मी आधी जायला पायजे होतो.

तुमी सगळे नोंदीचं, सुट्ट्याचं लिहायलाव. ते कुठून आलं ते मला म्हाईत आहे. आजवर बोललो न्हाई कारण मास्तरला आवडत नव्हतं.

१९९३. तवा आमची गाडी किल्लारीजवळच्या एका गावाला मुक्कामाला असायची. नाव घेत न्हाई. मास्तरला नोकरीला चार वर्षं झालती. गणपती बुडवायचा दिवस होता. रात्री उशिरापर्यंत मिरवणूक, हलगी. पोरांनी आमाला पारावर बसवून जेवू घातलं. एक माणूस म्हणला, आज घरात झोपा, माळवदावर सोय करतो. मास्तर म्हणला, "न्हाई, गाडीत तिकिटं आहेत." म्हणून आमी गाडीत झोपलो. म्हणून राहिलो.

पहाटे चारला चार मिनिटं कमी. गाडी हलायली. मला वाटलं पिऊन आलेली पोरं गाडी धरून हलवायलेत. मी शिवी देत उठलो. मास्तर उठून बसलाता. म्हणला, "दादा, गाव कुठं गेलं?" नुसती धूळ. दगडमातीच्या हातहात रुंद भिंती आन वर मातीचं माळवद, सगळं एकदम खाली. आधी आवाज आला न्हाई, मग एकदम चारी बाजूनं आला. तो आवाज मी सांगणार न्हाई.

आमी हातानं दगड काढले. उजेड व्हायच्या आत जेवढे मिळाले तेवढे गाडीत घातले. दोन सीटच्या मधल्या वाटंत पण माणसं. मास्तर म्हणला थांबा, आन वेबिल काढलं. मी वरडलो त्याच्यावर, हे काय तिकीट फाडायची वेळ आहे का! तो वेबिलच्या मागच्या कोऱ्या बाजूला नावं लिहायला लागला. बोलता येतंय त्याला विचारून. बोलता येत न्हाई त्याच्याबद्दल शेजारच्याला विचारून. एका बाईचं नाव कुणालाच म्हाईत नव्हतं, तर लिहिलं, 'हिरवी काठाची साडी, हातावर गोंदलेली तुळस'. तेवीस नावं.

लातूरला दवाखान्यात उतरवलं आन परत गेलो. पुढं पाऊस सुरू झाला, मिलिटरी आली. दोन-तीन दिवसांनी माणसं डेपोत यायली, आमचं माणूस कुठल्या दवाखान्यात नेलं म्हणून विचारत. कुठंच नीट नोंद नव्हती. मास्तरकडं होती. तो कागद घिऊन स्टँडवर बसला. कुणाला सांगायचा आहे, कुणाला सांगायचा न्हाई. त्या हिरव्या साडीवालीचा भाऊ गोंदणावरनं सापडला.

तवापासून तो लिहायला लागला. गाडीत चढलेला माणूस नोंदीशिवाय उतरू नये असं त्याच्या डोक्यात बसलं. पैशाचं तर निमित्त होतं.

भूकंपात पडलेली ती बावन्न गावं पुन्हा बांधली गेली. आमी दोघं एकदा नव्या गावात गेलतो. मास्तर गाडीच्या बाहेर उतरला न्हाई.

---

पासवाली

काका, हे आम्हाला कधीच माहीत नव्हतं. त्या दिवशी ते "मोजून या" का म्हणाले, ते आज कळलं.

---

डबलबेल

काकांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

शेवटच्या दिवसाचं लिहितो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मास्तर संपात होते. सगळ्यांबरोबर मंडपात बसायचे. पण संध्याकाळी सव्वासहा वाजले की उठून उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय आखडलेत. त्यांना निवृत्तीला महिनाच उरला होता तेव्हा आम्ही परत कामावर आलो. त्या महिन्यात त्यांनी एकही रजा घेतली नाही.

३१ मे २०२२. गावातल्या बायकांनी पारावर ओवाळलं, फेटा बांधला. डेपोतही सत्कार होता. सगळे म्हणाले, आज तिकिटं दुसरा कुणी फाडेल, तुम्ही पहिल्या सीटवर बसून या. ते बसले नाहीत. फेटा काढून सीटवर ठेवला आणि दारात उभे राहिले.

---

मास्तरांची_धाकटी

सगळं वाचलं. ताई आणि माईलाही वाचून दाखवलं. काकांनी लिहिलेलं आईला अजून सांगितलं नाही.

आम्ही तिघी बहिणी. अण्णा दुपारी चारला निघायचे, दुसऱ्या दिवशी साडेदहाला यायचे. म्हणून लोकांना वाटायचं यांचा बाप घरी नसतो. उलट आमच्या गल्लीत मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभा असणारा बाप आमचाच होता. अंघोळ करून, गरम भाकरी फडक्यात बांधून आणायचे. तिथंच लिंबाखाली आम्हाला वाढायचे. हाताला नाण्यांचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी. मला तो वास अजून कुठं आला की मी वळून बघते.

पाढे मी नाण्यांवर शिकले. दहा-दहाच्या चळती लावायच्या आणि अण्णा मधूनच एक नाणं काढून मुठीत धरायचे. कुठल्या चळतीत कमी आहे ते हात न लावता सांगायचं. मी आज शाळेत गणित शिकवते.

२०११ मध्ये आईला अर्धांगाचा झटका आला. अण्णांनी चार वर्षं मुक्काम सोडला आणि दिवसाची ड्युटी मागून घेतली. येळवसवाल्या दादांच्या गावाला तेव्हा दुसरे मास्तर यायचे. आईचा उजवा हात चालत नव्हता. आम्ही गाऊन आणला, तर तिनं तो घालायला नकार दिला. मग अण्णा पातळ नेसवायला शिकले. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. निऱ्या मोठ्यानं मोजायचे, एक, दोन, तीन, जशी गाडीतली माणसं मोजतात तशा. सात झाल्या की खोचायच्या. आई हसायची, तर म्हणायचे हलू नको, हिशोब चुकतो. शेवटच्या दिवसापर्यंत पातळ त्यांनीच नेसवलं. काल ताईनं नेसवलं, तर आई म्हणाली, सहाच घातल्यास.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्यांच्या पेटीत अकरा वह्या निघाल्या. शंभर पानी, पाठीवर वर्ष लिहिलेलं. नावं फार थोडी आहेत. ओळी अशा आहेत:

लामजना पाटी, पांढरी टोपी, काठी – ३ रु.
औसा, कडेवर लेकरू, लेकराच्या पायात एकच चाळ – ५ रु.
शेवटचं गाव, नवी सायकल टपावर, बाप-लेक – २ रु.
किल्लारी फाटा, मिशीवाले, कोंबडा पिशवीत – ७ रु.

परत दिलं की ओळीवर रेघ. बहुतेक ओळींवर रेघ आहे. शेवटच्या वहीत आणि मधल्या काहींत रेघ नसलेल्या मिळून एकशे चौदा ओळी आहेत. काल रात्री तिघींनी मोजल्या. सगळ्या मिळून सहाशे एकवीस रुपये होतात.

आम्हाला काय करावं कळत नाही. माई म्हणते एखाद्या शाळेला देऊन टाकू. मला तसं वाटत नाही. अण्णांनी ते कुणातरी एकाचे म्हणून लिहिलेत.

---

सायकल_टपावर

हे नाव आत्ता घेतलंय, आधी मी इथं नुसता वाचत होतो.

ताई, ती सायकलची ओळ कुठल्या वर्षीच्या वहीत आहे? मी छातीठोक सांगू शकत नाही. पण १९९८ च्या दिवाळीनंतर वडिलांनी लातूरहून मला सायकल घेतली होती आणि ती मुक्कामी गाडीच्या टपावर घालून आणली. मास्तर स्वतः शिडीवर चढले, सुतळीनं बांधली आणि चाकाखाली पोतं घातलं, रंग जाऊ नये म्हणून. पूर्ण रस्ता मी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होतो. त्यांनी दोनदा माझी मान धरून आत घेतली. गावात उतरल्यावर सायकलच्या नादात आम्ही बाप-लेक तसेच पळालो. पुढच्याच आठवड्यात वडील ऊसतोडीला गेले. त्या वर्षी आम्ही परत त्या गाडीत चढलो नाही.

वडील चार वर्षांपूर्वी वारले.

---

मास्तरांची_धाकटी

१९९८ ची वही आहे. पान मधलं आहे, तारीख १२ नोव्हेंबर. पुढं कंसात लिहिलंय, 'पोरगं खूश'.

---

सायकल_टपावर

ताई, ते दोन रुपये मला पाहिजेत. कुणी हसलं तरी चालेल.

---

येळवस

कोण हसतंय.

ताई, असं करा. बाकीच्या ओळी गावागावाप्रमाणे उतरवून मला पाठवा. लामजना पाटीवरच्या हॉटेलात, किल्लारी फाट्यावर आणि आमच्या पारावर मी कागद लावतो. पांढऱ्या टोपीची काठीवाली माणसं दहा निघतील, पण जुन्या लोकांना खाणाखुणा पटतात. ज्यांची माणसं गेली असतील त्यांच्या लेकरांना देऊ.

---

स्टेरिंग_६८

कोंबडावाला मला म्हाईत आहे. जिवंत आहे. त्यानं त्या दिवशी कोंबडा गाडीत सोडलता, औशापर्यंत धरायलो होतो आमी.

---

डबलबेल

ताई, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्कामाची ड्युटी माझी आहे. तुम्ही तिघी वह्या घेऊन या. आईंना आणता आलं तर आणा, दाराजवळची सीट धरून ठेवतो, चढायला मी आणि ड्रायव्हर आहोत. काका, तुम्हीही या, तुमच्याशिवाय कोंबडावाला कोण ओळखणार. सायकलवाल्या दादांनी गावातच पारावर थांबावं.

गाडी अजूनही सव्वासहालाच सुटते. पाच-दहा मिनिटं उशीर झाला तरी घाई करू नका, मी मागचा रस्ता बघूनच निघेन.